सिमको सरोवरातले मासे खरंच संपत आलेत का? यंदा बर्फावर जावं का?

न्यूमार्केटकर

नमस्कार मंडळी,

टोरांटोच्या उत्तरेला न्यूमार्केटमध्ये आम्ही सहा वर्षं राहतोय. सिमको सरोवर घरापासून अर्ध्या तासावर. माझं बालपण अलिबागजवळ गेलं, त्यामुळे पाणी दिसलं की गळ टाकायची सवय हाताला आहेच. इथल्या पहिल्या हिवाळ्यात शेजारी बर्फावर घेऊन गेले, गिरमिटाने भोक पाडलं आणि माझ्या मुलीने दोन तासांत बारा पिवळे पर्च काढले. ती तेव्हा पाच वर्षांची होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही बापलेक जातो.

गेली दोन-तीन वर्षं मात्र रिकाम्या हाताने परत यायची वेळ बरेचदा येते. परवा आमिषाच्या दुकानात एक आजोबा भेटले, पंचाहत्तरीचे असतील. म्हणाले, "हे सरोवर मेलंय. मी पोरगा होतो तेव्हा हेरिंग बादलीने न्यायचो." दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या एकाने उन्हाळ्यात पकडलेल्या भल्यामोठ्या स्मॉलमाउथ बासचा फोटो दाखवला आणि म्हणाला, सिमकोसारखं पाणी आख्ख्या प्रांतात नाही.

दोघंही खोटं बोलणारे वाटले नाहीत. मग खरं काय? मासे कमी झालेत का, कशामुळे, आणि आपण पकडून खातो त्याचा त्यात किती वाटा? मुलीने विचारलं, "बाबा, आपण घरी आणले तेवढे पर्च परत तयार होतात का?" मला तिला धड उत्तर देता आलं नाही, ते फार लागलं मनाला. जाणकारांनी लिहावं.

खाडीवाला

पहिला प्रश्न तुम्हालाच: कुठला मासा? 'मासे कमी झालेत का' हे 'भाजी महाग झालीय का' असं विचारण्यासारखं आहे. कोथिंबीर की कांदा, ते कळल्याशिवाय उत्तर कसं देणार?

अनुप्रिता_म

वाचतेय. आम्ही ब्रॅम्प्टनहून दरवर्षी जॅक्सन्स पॉइंटला सहलीला जातो. पाण्याखाली काय चाललंय याचा कधी विचारच केला नव्हता.

मुक्तजल

खाडीवाला, अगदी बरोबर.

मी पाणी तपासणीच्या क्षेत्रात काम करते, सिमकोचे नमुने अनेकदा हाताखालून गेलेत. जरा सविस्तर लिहिते, वेळ असेल तर वाचा.

सिमको सुमारे ७२२ चौरस किलोमीटरचं आहे, पण सगळीकडे सारखं नाही. दक्षिणेचा कुक्स बे उथळ, तळाशी पाणवनस्पती दाट. पश्चिमेला बॅरी शहरापर्यंत गेलेला केम्पेनफेल्ट बे अरुंद आणि खोल, तिथे ४१ मीटरपर्यंत पाणी आहे. म्हणजे एकाच सरोवरात दोन बिऱ्हाडं राहतात. वरच्या, उबदार पाण्यात पर्च, बास, पाइक. खालच्या थंड पाण्यात लेक ट्राउट, व्हाइटफिश आणि तुमच्या आजोबांचं हेरिंग, म्हणजे सिस्को. तुमच्या सहकाऱ्याने वरच्या बिऱ्हाडाची बातमी दिली, आजोबांनी खालच्या. दोघंही खरं बोलले.

आता खालच्यांचं दुखणं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं, थंड जड पाणी तळाशी बसतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पातेल्यावर झाकण घालावं तसं. तळाच्या पाण्याला वसंतात मिळालेला प्राणवायू शरद ऋतूत वारा सुटून पाणी ढवळेपर्यंत पुरवायचा असतो. वरून शेवाळ मरून खाली पडतं, ते कुजताना हाच प्राणवायू खर्च होतो. फॉस्फरस जास्त आला की शेवाळ जास्त, शेवाळ जास्त की सप्टेंबरात तळ गुदमरलेला.

मोठा ट्राउट कसाबसा निभावतो. पिल्लं निभावत नाहीत. म्हणून १९६० च्या दशकापासून ट्राउटची आणि १९८० च्या दशकापासून व्हाइटफिशची, सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं सोडावी लागली. मासा दिसत होता, पण त्याचा वंश सरोवरात वाढत नव्हता.

बर्फाळ_बापू

मुक्तजल ताई, दंडवत. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मी १९८८ पासून या बर्फावर जातोय.

हेरिंगबद्दल आजोबा बोलले ते शंभर टक्के खरं. इतका कमी झाला की २००१ मध्ये त्याची मासेमारीच बंद करावी लागली. पुन्हा उघडली ती २०१५ मध्ये, तीही मोजक्या माशांपुरती. चौदा वर्षं बंदी होती, पण तेवढ्याने तो सावरला. हे त्या आजोबांना सांगा, बरं वाटेल त्यांना.

गळवेडा

सगळं शास्त्र मान्य. पण मी बॅरीत राहतो आणि बर्फावर काय चालतं ते दर शनिवारी बघतो. पर्चची मर्यादा पूर्ण परवान्यावर ५०, कमी दराच्या परवान्यावर २५. काही लोक सकाळी ५० घरी नेऊन ठेवतात आणि दुपारी परत येतात. दिवसाचा कोटा एकच असतो हे माहीत असूनही! फॉस्फरसचं नाव पुढे केलं की प्रत्येक जण सुटतो. बादली मात्र आपल्याच हातात असते.

दुसरी गोष्ट, जी नवख्यांना कुणी सांगत नाही. पर्च खोल पाण्यातून, पंधरा मीटरवरून वगैरे झटकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी त्या दाबाने जठर तोंडातून बाहेर येतं. ट्राउट आणि व्हाइटफिश ती हवा तोंडावाटे सोडू शकतात, पर्चला ते जमत नाही. असा पर्च 'लहान आहे' म्हणून परत टाकला तर पोहत गेलेला दिसला तरी बहुतेकदा मरतो. मी खोलावर छोटे पर्च लागायला लागले की गाशा गुंडाळून उथळावर येतो. पन्नास मोठे मिळावेत म्हणून दीडशे छोटे मारण्यात कसली मर्दुमकी?

खाडीवाला

गळवेडा, पिशवीचं माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मी असे किती 'सोडले' ते आठवून वाईट वाटलं.

सिंधुदुर्गची_सून

पर्चचा विषय निघालाच आहे तर अवांतर. सासूबाई मालवणहून आल्या होत्या, "तळ्यातला मासा? उग्र लागतो, मी नाही खाणार" म्हणून तोंड फिरवून बसल्या. पर्चचे छोटे काप केले, कोकमाचं आगळ, आलं-लसूण, हळद आणि घरचा मसाला लावून अर्धा तास ठेवले, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तव्यावर. पहिला तुकडा खाऊन म्हणाल्या, "ही तर मुडदुशी गं!" खरंच तसाच लागतो, पांढरा, गोडसर, काटा नाही. जाईपर्यंत दर रविवारी विचारायच्या, "त्या बर्फातल्या मुडदुशा आणल्या का?"

अनुप्रिता_म

बर्फातली मुडदुशी! नाव ठरलं आता. आगळ आहे घरात, मासा कुणीतरी द्या.

नवखा_ब्रॅम्प्टन

गळवेडा यांच्या प्रतिसादावर थोडं बोलायचंय. मी इथे येऊन दोनच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात बर्फावर एकाने आमच्या बादलीकडे बघून "तुम्ही लोकच सरोवर रिकामं करता" असं सुनावलं. आमच्याकडे परवाना होता, बादलीत चौदा पर्च होते, तिघांत मिळून. मुलासमोर ऐकून घेताना खूप लागलं. तुमचा रोख तसा नाही हे कळतंय, पण 'काही लोक' म्हटलं की कुणाकडे बोट जातं तेही बघावं.

गळवेडा

नवखा, माझ्या मनात तसं काहीही नव्हतं, पण शब्द सैल पडले हे मान्य. मी ज्यांना दोन फेऱ्या मारताना पाहिलंय ते सगळ्या रंगांचे आणि सगळ्या वयांचे आहेत. तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. पुढच्या वेळी बॅरीच्या बाजूला या, बर्फावरच्या माझ्या खोपटात जागा आहे. मुलालाही आणा.

बर्फाळ_बापू

हे वाचून छान वाटलं.

नवख्यांसाठी: ऑन्टारियोत राहणाऱ्या १८ ते ६४ वयाच्या माणसाला आउटडोअर्स कार्ड आणि परवाना लागतो. मुलांना आणि ६५ पुढच्यांना तो विकत घ्यावा लागत नाही, पण मर्यादा त्यांनाही लागू आहेत. बर्फावर एका माणसाला दोन गळ टाकता येतात. आणि दुसऱ्या पाण्यातली जिवंत आमिष-मासळी बादलीतून इथे आणू नका. २०११ मध्ये इथल्या माशांत व्हीएचएस नावाचा विषाणू सापडला होता. माणसाला त्याचा त्रास नाही, पण माशांना होतो.

भिगवणकर

मी तिकडचा नाही, पुणे जिल्ह्यातला. पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या उजनीत काय झालं बघा. माझे आजोबा भीमेच्या काठचे, त्यांच्या जाळ्यात मरळ, वाम, शिंगाडा, कोळशी अशी दहा जातींची मासळी यायची. आता लिलावात ढीग कशाचा, तर चिलापीचा. बाहेरून आलेला मासा, पिल्लं तोंडात धरून जपतो, वर्षातून अनेकदा वितो, काहीही खातो. लोकांचं पोट त्यावर चालतं हेही खरं, भिगवणची चिलापी खायला लोक लांबून येतात. पण 'धरणात मासा भरपूर आहे' हे वाक्य जेव्हा ऐकतो तेव्हा मला आजोबांची वाम आठवते. वजनाच्या काट्यावर सगळं ठीक दिसतं, आणि पाण्यातली अर्धी नावं गेलेली असतात.

तुमच्या सरोवरात असा कुणी घुसलाय का?

मुक्तजल

भिगवणकर, किती नेमकं लिहिलंत. हो, आणि एक नाही, रांगच आहे.

कार्प, म्हणजे आपल्याकडचा सायप्रिनस, इथे शंभराहून अधिक वर्षं आहे. १९६० च्या दशकात स्मेल्ट आला. १९९० च्या दशकात काटेरी शेपटीचा एक पाणपिसू आला, तो पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा, म्हणजे प्लवंगांचा फडशा पाडतो, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या ताटातलंच खातो. त्याच दशकात झेब्रा शिंपले आले. ते पाणी गाळतात, म्हणून पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायला लागलं. लोक खूश झाले. पण उजेड खोल गेला आणि पाणवनस्पतींची रानं खोलवर पसरली.

मग राउंड गोबी, बोटाएवढा, काळ्या समुद्राच्या बाजूचा मासा. तो सिमकोला मिळणाऱ्या पेफरलॉ ओढ्यात दिसला, तेव्हा २००५ मध्ये प्रांत सरकारने ओढ्यात मासे मारणारं औषध सोडून त्याला अडवायचा प्रयत्न केला. त्या ओढ्यातले बाकीचे मासेही गेले, आणि गोबी तरीही सरोवरात पोहोचला. आता तो सगळीकडे आहे. न्यूमार्केटकर, तुमच्या सहकाऱ्याच्या फोटोतला बास एवढा गलेलठ्ठ का, तर तो हेच गोबी खातो. सरोवर फार निरोगी आहे म्हणून तो जाडा झालेला नाही.

पोलादपूरकर

वलगणीची आठवण झाली. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की चढणीचे मासे शेतात चढायचे, अंड्यांनी भरलेले. आम्ही पोरं काठ्या, टोपल्या, जे हाताला येईल ते घेऊन धावायचो. केवढा आनंद! आता कळतं की आपण पुढच्या वर्षीचंच खात होतो. गावात आता म्हातारी माणसं म्हणतात, चढण पूर्वीसारखी होत नाही.

आणि तिथून फार लांब नाही, महाडजवळ वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून त्या डोहातला महाशीर कुणी धरत नाही, लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. एकाच भागात दोन्ही बघितलंय मी.

तिकडे पर्च अंडी कधी घालतो? तेव्हा बंदी असते का?

बर्फाळ_बापू

पर्च बर्फ वितळल्यावर, एप्रिलच्या सुमारास. अंडी एकमेकांना चिकटलेल्या लांब फितीसारखी असतात, जाळीदार, पाण्यातल्या काटक्यांवर आणि गवतावर गजऱ्यासारखी अडकवलेली दिसतात. सिमकोत पर्च वर्षभर धरायला परवानगी आहे, म्हणून ते आपल्यावर. मी एप्रिलमध्ये पर्चच्या वाट्याला जात नाही. ट्राउट आणि व्हाइटफिश शरदात दगडांच्या फटीत अंडी घालतात, ती हिवाळाभर तिथेच राहतात आणि त्यांना बंदीचा काळ आहे.

न्यूमार्केटकर, लेकीच्या प्रश्नाचं उत्तर: एका पर्च मादीच्या फितीत हजारो अंडी असतात. पण दरवर्षी ती सारखी जगत नाहीत. वसंत चांगला गेला तर त्या वर्षीची पिढी मोठी, आणि तीन-चार वर्षं बर्फावर चंगळ. मग एखादी पिढी बारीक निघते आणि आपण म्हणतो, मासे संपले. मी अशा चार-पाच लाटा पाहिल्यात.

टोलेडोची_मधुरा

मी लेक ईरीच्या टोकाला, ओहायोत. शेवाळाचं मुक्तजल यांनी लिहिलं ते आम्ही नळातून अनुभवलंय. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'पाणी पिऊ नका, उकळूनही नको' असा इशारा आला. हिरव्या शेवाळाचं विष शहराच्या पाण्यात उतरलं होतं. धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा होता. मिशिगनमधल्या मैत्रिणीने गाडीभर बाटल्या आणून दिल्या, ते कधी विसरणार नाही.

आणि तरी त्याच ईरीत २०१५ नंतर वॉलाय माशाच्या अशा काही दांडग्या पिढ्या आल्या की मासेमार हरखून गेले. मासा भरपूर म्हणजे पाणी चांगलं, हे गणित मी तेव्हापासून सोडून दिलं.

ओरिलियाची_वाट

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सिमकोचं पाणी उत्तरेला ओरिलियाजवळच्या अरुंद खाडीतून कुचिचिंग सरोवरात जातं. त्या तोंडाशी पाण्याखाली लाकडी मेखांचे अवशेष आहेत. मनजिकनिंगचे मासे अडवण्याचे कुंपण-बांध, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे. १६१५ मध्ये शाम्प्लेन या फ्रेंच शोधकाने ते वापरात असताना पाहिले होते, आणि १९८२ मध्ये त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आजही इथले मूळ रहिवासी चिपेवा लोक ती जागा सांभाळतात.

मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला. तीच वाट, तेच मासे, पाच हजार वर्षं धरले, आणि संपले नाहीत. मग गेल्या शंभर-दीडशे वर्षांत काय झालं?

मुक्तजल

ओरिलियाची_वाट, तुमच्या प्रश्नाने मी कालपासून अस्वस्थ आहे. उत्तर देते, पण त्यासाठी न्यूमार्केटकर यांच्या दारात जावं लागेल. राग मानू नका.

न्यूमार्केटमधून ईस्ट हॉलंड नदी जाते. रस्त्यावरचं, अंगणातलं, छपरावरचं पाणी गटारातून तिच्यात आणि ती कुक्स बेमध्ये. वाटेत हॉलंड मार्शची भाजीची शेतं, तिथला निचरा, इतर वस्त्यांचं सांडपाणी, सेप्टिक टाक्या, वाऱ्याने उडालेली माती, हे सगळं मिळतं. १९८० च्या दशकात सरोवरात वर्षाला १०० टनांहून जास्त फॉस्फरस जात होता. २००८ मध्ये खास सिमकोसाठी कायदा झाला, २००९ मध्ये आराखडा आला. त्यात उद्दिष्ट ठरलं वर्षाला ४४ टन, आणि शरदाच्या तोंडावर तळाच्या पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू. इतका प्राणवायू असेल तर ट्राउटची पिल्लं जगतात. तळाचा प्राणवायू पूर्वीपेक्षा सुधारला आहे. ४४ टन मात्र अजून लांब आहे, आणि पावसाळी वर्षात आकडा पुन्हा उसळतो, कारण एकेका मोठ्या पावसात माती धुऊन येते.

शिवाय मीठ. आपण हिवाळ्यात रस्त्यावर, पार्किंगमध्ये, दारासमोर जे मीठ फेकतो ते कुठेही जिरत नाही. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी क्लोराइडची दीर्घकाळची मर्यादा लिटरमागे १२० मिलिग्रॅम मानतात. शहरातून येणारे ओढे हिवाळ्यात ती सहज ओलांडतात. आणि सरोवरात मीठ वर्षागणिक वाढतंच आहे, कारण ते काढायचा काही उपाय नाही.

म्हणून, न्यूमार्केटकर, तुम्ही आणलेल्या बारा पर्चची मला काळजी नाही. तुमच्या दारातल्या मिठाच्या पोत्याची आहे. आणि माझ्याही.

गळवेडा

ताई, माझी बादली काही अंशी निर्दोष सुटली, पण मी माझ्या मुद्द्यावर आहे. नियम मोडणाऱ्यांवर तक्रार करायलाच हवी.

मुक्तजल

हवीच. मी त्याच्या विरोधात नाही. पर्चपुरतं तुमचं म्हणणं नेमकं लागू पडतं.

खाडीवाला

पोतं आमच्याही दारात आहे. पण घसरून पडलेली माणसंही पाहिलीत. वाळू टाकली तर चालेल का?

मुक्तजल

आधी फावड्याने नीट साफ करा, मग गरज असेल तिथेच. वाळू किंवा बारीक खडी पकड देते. मीठ टाकायचंच तर दोन दाण्यांमध्ये तीन बोटांचं अंतर राहील एवढंच पुरतं. आपण मुठीने टाकतो. आणि उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं कामच करत नाही.

अनुप्रिता_म

हिवाळाच कुठे राहिला म्हणा. २०२३-२४ मध्ये आम्ही फेब्रुवारीत गेलो तर समोर पाणीच पाणी.

बर्फाळ_बापू

ते वर्ष माझ्या सगळ्या वर्षांत वाईट. खोपटी धूळ खात पडली, आमिषवाले, वाटाडे यांचा हंगामच बुडाला. जॉर्जिना बेटावरची माणसं हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यावर अवलंबून असतात, त्यांचे हाल तर विचारूच नका. मासेमारांना वाटतं बर्फ नाही तर माशांना विश्रांती. पण गरम वर्ष म्हणजे उन्हाळ्याचं ते झाकण लवकर बसणार आणि उशिरा निघणार. ताई सांगतीलच.

बर्फाची जाडी स्वतः मोजा. एकट्याने चालायला १५ सेंटिमीटर, घोळक्यासाठी २०, स्नोमोबिलला २५. निळसर पारदर्शक बर्फ भक्कम, पांढरा त्याच्या निम्मा, करडा दिसला तर पाऊल टाकू नका. दुसऱ्याच्या पायखुणा बघून जाऊ नका. मी एक मित्र गमावलाय, म्हणून इतकं बजावून सांगतोय.

न्यूमार्केटकर

बापू, ऐकून वाईट वाटलं. सगळं लक्षात ठेवीन.

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलीला बसवून फितीचं, गजऱ्याचं आणि हजारो अंड्यांचं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न: "मग ट्राउट आता स्वतः जन्मतात की अजून माणसंच सोडतात?" मुक्तजल, हे कसं ओळखायचं?

मुक्तजल

दोन्ही. आणि तिला स्वतःला ओळखता येईल. मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या पिल्लाचा एखादा पर सोडण्यापूर्वी कापलेला असतो. लेक ट्राउटला शेपटी धरून आठ पर: पाठीवर एक, त्याच्या मागे छोटा मांसल एक, शेपटी, पोटाखाली मागे एक, आणि छातीचे व पोटाचे दोन-दोन. आठही शाबूत असतील तर तो बहुधा सरोवरातच जन्मलेला. असे मासे आता सापडतात. पूर्वी जवळजवळ सापडत नव्हते.

गळवेडा

मोजताना मासा बर्फावर ठेवू नका, कडाक्याच्या थंडीत डोळे आणि कल्ले गोठतात. भोकातच पाण्यात धरा, हातमोजे काढून. गार लागेल, पण पटकन होतं.

सिंधुदुर्गची_सून

आणि पर्च मिळाले तर माझी कृती करून बघा, न्यूमार्केटकर. मोठा म्हातारा शिकारी मासा मात्र रोज खाऊ नये, त्यात पारा साठतो. कुठल्या आकाराचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याची सरकारी पुस्तिका आहे, सरोवराप्रमाणे आणि जातीप्रमाणे.

न्यूमार्केटकर

(तीन आठवड्यांनी)

थंडी पडली, म्हणून गेलो. बर्फ मोजला, २८ सेंटिमीटर, निळसर. नवखा_ब्रॅम्प्टन आणि त्यांचा मुलगाही आले, गळवेडा यांनी खोपटात चहा दिला. सकाळी उथळावर नऊ पर्च मिळाले, सहा ठेवले.

दुपारी बापूंनी सांगितलेल्या खोल जागी गेलो. दोन तास काही नाही. पोरं कंटाळून बर्फावर घसरायला लागली होती, तेवढ्यात मुलीची दोरी वाकली. पंधरा मिनिटं तिने एकटीने ओढलं, मला हात लावू दिला नाही. करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा ट्राउट वर आला. मी भोकात धरला, ती पालथी पडून मोजत होती. बोटं लाल झाली होती माझी. छातीचे दोन, पोटाचे दोन, असं मोठ्याने म्हणत होती, मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून.

आठ.

सोडला. शेपटी एकदा हलली आणि खाली काळ्या पाण्यात गेला. घरी येताना गाडीत ती झोपली, उठल्यावर पहिलं वाक्य: "त्याची आई पण इथेच राहते ना?"

मुक्तजल

तिला सांगा, हो.

(लांबी किती होती साधारण? फोटो असेल तर खाजगी निरोपातून पाठवा. सगळे पर दिसतात का बघते.)